ताप शिकलेल्या डॉक्टरीणबाई

डॉ. प्रमिला दुधाटे यांची आणि माझी पहिली भेट झरीजवळच्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात झाली. एम.बी.बी.एस. पूर्ण करून मी नुकतीच तिथे रुजू झाले होते. पोळा होऊन गेला होता, बांधाबांधावर गवत कमरेएवढे वाढले होते, आणि सकाळपासून तापाच्या रुग्णांची रांग लागलेली असे. त्या दिवशी कौसाबाई नावाच्या एका बाईंना त्यांच्या मुलाने मोटारसायकलवर मधे बसवून आणले होते. पडू नयेत म्हणून सून त्यांना मागून धरून बसली होती. दोन खासगी दवाखाने करून त्या आमच्याकडे आल्या होत्या. मी त्यांना तपासून रक्त घ्यायला सांगत होते, तेवढ्यात पांढऱ्या सुती साडीतल्या एक बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आपले नाव सांगितले, तापाच्या रुग्णांचा अभ्यास करत असल्याचे सांगितले आणि विचारले, "डॉक्टर, तुमची हरकत नसेल तर यांना मी पाहू का?"

त्या परभणीच्या एका रुग्णालयात विभागप्रमुख होत्या आणि मी काल-परवा रुजू झालेली मुलगी. तरीही परवानगी त्यांनी माझ्याकडे मागितली, आणि माझ्यानंतर कौसाबाईंकडेही मागितली.

स्टूल ओढून त्या खाटेजवळ बसल्या. "कवापासून ताप यायलाय, मावशी?"

"लय रोज झाले बाई. सलाईन लावली, सुया मारल्या, पर उतरंनाच गेलाय. डोकं तर असं दुखायलंय की बास."

"ताप यायच्या आधी कामाला कुठं जात होता?"

"कामाला कुठं? म्हशीला गवत आनायला वढ्याच्या काठानं जायलते रोज."

"अंगावर कुठं खपली धरलेली जागा आहे का? न दुखणारी?"

"न्हाई बा, तसलं काई न्हाई."

मॅडमनी मधला पडदा ओढून घेतला, मला आत बोलावले आणि कौसाबाईंना विचारून त्यांचे अंग बारकाईने पाहायला सुरुवात केली. कमरेला जिथे साडीची गाठ येते तिथे, गाठीच्या आड, विडीचा चटका बसावा तसा एक काळा वाटोळा डाग होता. दुखत नसल्यामुळे खुद्द कौसाबाईंनाही त्याचा पत्ता नव्हता. मॅडम माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "याला स्क्रब टायफस म्हणतात. गवतात, झुडपात अगदी बारीक किडे असतात, डोळ्यांना न दिसणारे. त्यांची पिल्लं चावली की हा ताप येतो. औषध साधं आहे, सगळीकडे मिळतं. पण ते द्यायचं कुणाला, हे कळायला आधी नाव कळावं लागतं."

तपासणीचा निकाल नंतर आला. पण गोळ्या मॅडमनी त्याची वाट न पाहता त्याच दिवशी सुरू केल्या. दोन दिवसांत कौसाबाईंचा ताप उतरला आणि त्यांनी भाकरी मागितली. माझ्या आयुष्याची दिशाही त्या दोन दिवसांत ठरली, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

मॅडम या विषयाकडे कशा आल्या, हे त्या स्वतःहून कधी सांगत नाहीत. मला ते त्यांचे यजमान दुधाटे सर यांच्याकडून कळले. सर त्या काळी शाळेत भूगोल शिकवत आणि मॅडम एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी होत्या. त्यांच्या धाकट्या जाऊबाई कमलताई यांना ताप आला. सर्व उपचार झाले, मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांना दाखवून झाले. आजाराचे नाव कुणालाच सांगता आले नाही आणि कमलताई गेल्या. घरात एक डॉक्टर असूनही गेल्या, हे मॅडमच्या मनाला फार लागले. चाळिशी जवळ आली होती, दोन मुले शाळेत होती, नोकरी कायम होती. अशा वेळी त्यांनी उष्ण कटिबंधातील रोगांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करण्यासाठी घरापासून शेकडो कोसांवरच्या एका शहरात जायचे ठरवले. तिथली भाषा त्यांना येत नव्हती. वर्गातले सगळे त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान होते.

सासूबाईंना ते पटेना. "डाक्टर तर झालीच हायस. आता आनखी काय शिकायचं ऱ्हायलंय?" असे त्यांनी विचारले.

"आई, मला ताप शिकायचाय," असे मॅडम म्हणाल्याचे सर सांगतात. सासूबाईंनी कमलताईंच्या फोटोकडे पाहिले. मग म्हणाल्या, "जा मग. पोरांचं मी बघते."

शिक्षण पूर्ण झाल्यावर तिथेच राहण्याचा आग्रह त्यांना झाला होता. त्या परभणीला परत आल्या. एका शिक्षणसंस्थेच्या रुग्णालयात अडगळ ठेवायची एक खोली मागून घेऊन त्यांनी तिथे तापाची प्रयोगशाळा सुरू केली. मी त्यांच्याकडे आले तेव्हाही प्रयोगशाळा तीच होती. पावसाळ्यात भिंतींना ओल येई, आणि वीज गेली की शीतपेटीतल्या रक्ताच्या नमुन्यांसाठी आम्ही बर्फाच्या लाद्या आणायला पळत असू.

तिथपर्यंत पोहोचणे मला सोपे नव्हते. माझे घर ताडकळसचे. थोडी कोरडवाहू जमीन, आणि दसरा झाला की आई-वडील ऊसतोडीला जात. घरातली पहिली डॉक्टर मी. मुलगी गावात दवाखाना टाकेल, चार माणसे दारात येतील, ही वडिलांची रास्त अपेक्षा होती. त्याऐवजी मी संशोधनासाठी आणखी काही वर्षे शिकणार म्हटल्यावर त्यांनी बोलणेच सोडले. ही गोष्ट मॅडमच्या कानावर गेली. एका बाजारच्या दिवशी त्या बसने ताडकळसला आल्या आणि आमच्या ओसरीवर घोंगडीवर बसल्या.

वडिलांनी चहा झाल्यावर सरळ विचारले, "बाई, संशोधन म्हंजी नेमकं काय करायलीय ही?"

मॅडमनी उलट विचारले, "कापसावर कीड पडली तर तुम्ही आधी काय करता, भाऊ?"

"पान उलटून बघतो. कंची कीड हाय ते."

"आणि न बघताच फवारलं तर?"

"औषिद वाया, आन पीक बी जातंय."

"माणसांच्या तापात सध्या तसंच चाललंय. पान उलटून बघणारं माणूस कमी आहे. ही ते शिकायलीय."

वडिलांनी रिकामी कपबशी बाजूला सरकवली. मग आईला म्हणाले, "शिकू दे तिला." पुढे ते कधी त्या विषयावर बोलले नाहीत, पण गावात कुणाला चढउताराचा ताप आला की "आधी पोरीला दाखवा, ती बघती" असे सांगू लागले.

मॅडमच्या शिकवण्याची एक रीत आम्हा सर्व शिष्यांच्या परिचयाची आहे. कोणताही प्रबंध, कोणताही निबंध परिषदेत वाचण्याआधी तो त्यांच्या घरी दुधाटे सरांसमोर मराठीतून सांगावा लागे. माझे इंग्रजी कच्चे होते, परिषदेत बोलायची मला धास्ती वाटे. मॅडम म्हणाल्या, "इंग्रजीचं नंतर बघू. आधी सरांना सांग. सर जिथं थांबवतील तिथं तुझी भाषा नाही, तुझा विचार कच्चा आहे असं समज." सर आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकत आणि मधेच म्हणत, "थांबा. हे असं का?" त्या प्रश्नाचे उत्तर देता देता माझे कितीतरी निष्कर्ष गळून पडले. जे उरले, ते मग कुठल्याही भाषेत सांगायची भीती वाटली नाही.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला घेतला, तो सांगते.

माझ्या पीएच.डी.चा विषय येलदरीच्या जलाशयाच्या परिसरातील तापाचा होता. पहिल्या दोन हंगामांत आम्हाला मिळालेले बहुतेक रुग्ण काठावरच्या मासेमारांच्या वस्तीतले होते. वस्तीभोवती झुडपे होती, उंदीर होते. सगळे जुळत होते. तालुक्याच्या एका बैठकीत कुणीतरी विचारल्यावरून मॅडमनी एवढेच सांगितले की, सध्या रुग्ण प्रामुख्याने या वस्तीत आढळत आहेत. वाक्य खरे होते. पण ते तोंडातोंडी फिरत "ताप वस्तीतून येतो" असे झाले, आणि आठवड्याभरात "ताप मासळीतून येतो" असे झाले.

त्यानंतर काही दिवसांनी वस्तीतल्या, बाजारात मासळी विकणाऱ्या रुक्मिणबाई आमच्या तपासणीला आल्या. त्यांच्या मुलाला आम्हीच बरे केले होते. त्या भांडल्या नाहीत. दाराशी बसून म्हणाल्या, "बाई, तुमी ताप वस्तीचा म्हनला. आता बाजारात आमची पाटी कुनी खाली ठिवू देईना गेलंय. पोरीला शाळंत बी मागं बसवायलेत. आमी कुठं जावं?"

 मॅडम उठून रुक्मिणबाईंजवळ जमिनीवर बसल्या. "मी असं म्हणाले नव्हते," असे म्हणणे त्यांना शक्य होते; ते खरेही ठरले असते. त्या म्हणाल्या, "बोलताना मी पुढचा विचार केला नाही, रुक्मिणबाई. निस्तरायचं कसं ते मी बघते."

पुढच्या आठवडी बाजारात मॅडम रुक्मिणबाईंच्या पाटीशेजारी पोते टाकून बसल्या. मॅडमचे घर माळकरी. त्यांनी आयुष्यात मासळीला हात लावलेला नाही. पदराने घाम पुसत त्या दिवसभर बसून राहिल्या. लोक थांबत, ओळखीचे नमस्कार करत आणि विचारत, "डॉक्टरीणबाई, तुमी हितं?" मग त्या तापाबद्दल सांगत: तो खाण्यातून येत नाही, शिवण्यातून येत नाही, गवतातल्या किड्यामुळे येतो. पहिल्या बाजाराला मासळी फारशी विकली गेली नाही. मॅडम दुसऱ्या बाजाराला गेल्या, तिसऱ्याला गेल्या. त्या सबंध हंगामात बाजाराच्या दिवशी त्यांना भेटायचे असेल तर मासळीच्या रांगेत जावे लागे.

त्याच सुमारास माझा प्रबंध लिहून तयार होता. परदेशातल्या एका प्रशिक्षणासाठी माझी निवड होण्यासारखी होती, पण त्याआधी प्रबंध सादर व्हायला हवा होता. मॅडमही निवृत्तीच्या उंबरठ्यावर होत्या. त्यांनी प्रबंध वाचला आणि सांगितले, "हे असं देता येणार नाही."

"मॅडम, आकडे खरे आहेत. एकेक नमुना मी स्वतः घेतलाय."

"आकडे खरे आहेत. पण ते कुणाचे आहेत? आपल्याकडे जे आले त्यांचे. जे आपल्याकडे आलेच नाहीत, ते तापात कुठे गेले?"

मला राग आला होता, आणि तो मी लपवला नाही. मी म्हणाले, "याला आणखी एक हंगाम लागेल. माझी जागा जाईल, आणि तुम्ही तोपर्यंत इथे नसाल."

"जागा जाईल, हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "त्याचं मला वाईट वाटतं. पण मी इथे नसेन असं कुणी सांगितलं? निवृत्तीनंतर दार कुणी बंद करणार नाही." आणि त्या खरोखरच वेतनाशिवाय रोज येत राहिल्या.

नव्या हंगामात आम्हाला वस्तीबाहेरच्या, मोठ्या गावातल्या शेतकरी घरांत रक्ताचे नमुने घ्यायचे होते. गावाने दार लावून घेतले. "आमच्या घरात तसला ताप न्हाई," एवढेच उत्तर मिळे. मासेमारांचा म्हणून ठरलेला रोग आपल्या घरात निघाला तर सोयरिकी कशा जमणार, ही धास्ती त्यामागे होती. ते गाव मॅडमचे माहेर होते.

मॅडम मला घेऊन थोरल्या भावाकडे गेल्या. शंकरराव गावातले मानाचे शेतकरी. बहिणीला पाहून त्यांना आनंद झाला, पाटावर बसवून जेवू घातले. येण्याचे कारण कळल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला.

"तुला भाईर ताप सापडंना गेला म्हनून आता माझ्या घरात हुडकायलीस काय?"

"दादा, बाहेर सापडला तेवढाच मी खरा धरला. तिथंच माझं चुकलं. आता घरात बघावं लागेल."

"आन निघाला तर? गावात तोंड कसं दाखवू?"

"निकाल माझा नाही, तुझा. मी कुणाला सांगणार नाही. सांगायचा की नाही, ते तू ठरव."

शंकरराव उठून ओसरीपर्यंत गेले आणि परत आले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, बाही सारून म्हणाल्या, "माजं घ्या आधी." त्यांच्यामागून दोन सुना आल्या. शेवटी शंकररावांनी हात पुढे केला. भावाने दंडातून रक्त घेऊ दिले, हे गावभर झाले आणि आठ-पंधरा दिवसांत इतर घरांची दारेही उघडू लागली. ऊसतोडीला निघायच्या बेतात असलेल्या घरांपर्यंत आम्ही ती कुटुंबे जायच्या आत पोहोचलो.

निकाल आले तेव्हा मॅडम आणि मी ते दोनदा तपासले. हा ताप होऊन गेल्याच्या खुणा गावातही वस्तीइतक्याच सर्रास होत्या. फरक एवढाच होता की गावातली माणसे ताप आला की शहरातल्या खासगी दवाखान्यात जात. तिथे कधी योग्य गोळी योगायोगाने मिळे, कधी मिळत नसे, आणि आजाराची नोंद कुठेच होत नसे. वस्तीतली माणसे सरकारी दवाखान्यात येत, म्हणून ती आमच्या मोजणीत सापडली. ताप सगळ्या परिसराचा होता. फक्त आमची मोजणी वस्तीपुरती होती.

शंकररावांच्याही रक्तात ती खूण होती. मॅडमनी निकाल त्यांना एकट्याला सांगितला. त्यानंतर ते महिनाभर बहिणीशी बोलले नाहीत. मॅडमनी त्यांना निरोप पाठवला नाही की समजूत घालायला त्या गेल्या नाहीत.

पुढे ग्रामसभा भरली. मॅडमनी तिथे उभे राहून, वस्तीतल्या लोकांच्या देखत सांगितले, "मी जे पूर्वी सांगितलं ते अर्धवट होतं. त्याचा त्रास या माणसांना झाला. हा ताप एका वस्तीचा नाही. चूक माझी आहे."  कुणीतरी मागून विचारले, "मंग आमच्यात कुनाला झालाय ते नावं सांगा की."

"नावं मी सांगणार नाही," मॅडम म्हणाल्या.

तेव्हा शंकरराव उठले. फेटा सारखा करून म्हणाले, "माझं नाव मी सांगतो. दोन वर्सामागं मला ताप आलता, शेहरात दवाखान्यात ऱ्हायलो, ते समद्यांना ठावं हाय. त्योच हा ताप. आन मी काई मासे धरायला जात न्हाई." एवढे बोलून ते बसले. रुक्मिणबाई समोरच्या कोपऱ्यात होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

पुढच्या बाजारात मासळीच्या रांगेत गिऱ्हाईक आले. सगळे एकदम आले असे नाही. काही घरांनी वर्षभर मासळी घेतली नाही, आणि रुक्मिणबाईंच्या मुलीला शाळेत पुढच्या बाकावर जागा मिळायला मॅडमना मुख्याध्यापकांना दोनदा भेटावे लागले. पण पाटी खाली ठेवायला पुन्हा कुणी अडवले नाही.

माझी परदेशातली जागा गेली ती गेलीच. प्रबंध एका वर्षाने सादर झाला. मौखिक परीक्षेत एका परीक्षकांनी सुचवले की आधीच्या चुकीच्या निष्कर्षाचे प्रकरण गाळले तर प्रबंध अधिक सुटसुटीत होईल. मी मॅडमकडे पाहिले. त्यांनी उत्तर माझ्यावर सोडले. मीच म्हणाले, "ते प्रकरण राहू द्यावं, सर. पुढे कुणी अभ्यास करील त्याला आम्ही कुठे घसरलो ते दिसलं पाहिजे." बाहेर आल्यावर मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. माझ्या पदवीचा खरा समारंभ तोच.

आज मी स्वतः विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करते. आमच्या भागातल्या दवाखान्यांत पोळ्यानंतर तापाचा रुग्ण आला की परिचारिका डॉक्टरांच्या आधीच काळ्या डागाची चौकशी करतात. मॅडमनी गावोगाव फिरून त्यांची शिबिरे घेतली, त्याचे हे फळ. कितीतरी घरांतली माणसे त्यामुळे वाचली असतील. त्या घरांना मॅडमचे नावही ठाऊक नसेल, आणि मॅडमना त्याची खंत नाही.

मागच्या वर्षी दुधाटे सर मोठ्या आजारातून उठले. त्या काळात मॅडमनी काही महिने प्रयोगशाळेत येणे थांबवले होते. सर हिंडूफिरू लागल्यावर त्या पुन्हा येऊ लागल्या. आता जिना चढताना त्या मधल्या पायरीवर थांबतात. कुणी हात द्यायला गेले तर घेतात आणि वर येईपर्यंत त्याच्या कामाची चौकशी करतात. परवा माझ्या एका विद्यार्थिनीने घाईने काढलेला निष्कर्ष त्यांनी वाचला आणि तिला शेजारी बसवून अर्धा दिवस तिच्याशी बोलत राहिल्या. ती मुलगी रडवेली होऊन बाहेर आली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नमुने घ्यायला गावाकडे गेली.

मॅडमना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत असताना आम्हा सर्व शिष्यांच्या, सहकाऱ्यांच्या आणि त्यांच्यामुळे बऱ्या झालेल्या असंख्य माणसांच्या वतीने मी त्यांना नमस्कार करते. त्यांना आणि सरांना सोबतीने दीर्घ आयुष्य लाभो. त्यांची दृष्टी निर्मळ राहो, गुडघे कुरकुरले तरी चालते राहोत. वय झाले म्हणजे दुखणी येणारच. ती आली तर ओळखू येणारी असोत, औषधाला दाद देणारी असोत, आणि त्या वेळी आमच्यापैकी कुणीतरी त्यांच्या खाटेजवळ असो.